सागवानी फर्निचरच्या पॉलिशसाठी कमी खर्चात कोणती स्प्रे गन घ्यावी?

सागवान (ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

नमस्कार. सिंदेवाही तालुक्यातील एका गावात माझे सुतारकामाचे छोटे दुकान आहे. दरवाजांचे पल्ले, दिवाण, शोकेस, देव्हारे आणि लग्नसराईत आंदणाचे सामान असे काम माझ्याकडे येते. लाकूड बहुतेक सागवान असते, क्वचित बिजा किंवा शिवण. पॉलिशसाठी आजवर मी लाखदाण्याचे पॉलिश कापडाच्या बोळ्याने आणि टचवुडसारखे तयार पॉलिश ब्रशने लावत आलो आहे, आणि त्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु आता चंद्रपूर-नागपूरच्या दुकानांतील काचेसारखे गुळगुळीत फर्निचर पाहून आलेले गिऱ्हाईक मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) असे चकचकीत, कडक पॉलिश मागते. ते ब्रशने ओढले की रेघा राहतात, आणि देव्हाऱ्याच्या जाळीत व कोरीव खांबांत तर ब्रश नीट पोहोचतच नाही.

माझ्याजवळ या कामासाठी सुमारे १२ हजार रुपये आहेत. माझ्यासमोर तीन पर्याय आले आहेत. पहिला, ऑनलाइन मिळणारे ६०० ते ८०० वॅटचे हातात धरायचे विजेचे स्प्रे यंत्र, जे अडीच-तीन हजारांत येते. दुसरा, १ एचपीचा, २४ लिटर टाकीचा लहान कॉम्प्रेसर आणि त्याला वेगळी गन. तिसरा एका ओळखीच्या पेंटरने सुचवला आहे: भिंती रंगवण्याचे एअरलेस यंत्र कोणाकडून तरी जुने घ्यावे.

दुकानात सिंगल फेज लाइन आहे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज बरेच उतरते. शेड टिनाचे असून तीन बाजूंनी भिंत आहे, एक बाजू पूर्ण मोकळी आहे. महिन्याचे काम मोठ्या कारखान्याएवढे नाही, पण लग्नाच्या दिवसांत एकाच आठवड्यात दिवाण, कपाट आणि ड्रेसिंग टेबल एकत्र द्यावे लागते. अशा स्थितीत कोणते यंत्र घ्यावे, नोझल किती मिलिमीटरचे असावे आणि यंत्रासोबत आणखी काय घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

रंधा (वरोरा)

सागवान भाऊ, नमस्कार. तुम्ही लाकूड, लाइन, शेड आणि रक्कम सगळे स्पष्ट लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

एअरलेस यंत्र प्रथमच बाजूला ठेवा. ते रंगालाच दीड ते तीन हजार पीएसआय (दाबाचे माप) इतका दाब देऊन बारीक छिद्रातून बाहेर फेकते. गोदामाच्या भिंती किंवा लोखंडी ढाचे यांसाठी ते उत्तम आहे, पण देव्हाऱ्याच्या खांबावर त्याचा मारा आवरत नाही, आणि बोट चुकून छिद्रासमोर आले तर रंग कातडीच्या आत शिरतो. जुने आणि देखभाल न झालेले यंत्र तर मुळीच घेऊ नये.

उरलेल्या दोन पर्यायांत निवड करताना लोक वॅट पाहतात, किंमत पाहतात, डब्यावरचे चित्र पाहतात. माझ्या मते सर्वांत आधी पाहायची गोष्ट ही आहे की यंत्राच्या कपात तुम्ही काय ओतणार आहात. कारण हातात धरायच्या विजेच्या यंत्रात मोटर तुमच्या हाताशीच असते, तिच्यातील कार्बन ब्रशमधून ठिणग्या पडत असतात, आणि ज्या हवेत तुम्ही थिनरची वाफ सोडत आहात तीच हवा ती मोटर आत ओढत असते. प्रत्येक ज्वलनशील द्रवाचा एक फ्लॅश पॉइंट असतो. त्या तापमानाला आणि त्याच्या वर त्याची वाफ ठिणगी मिळताच पेटू शकते. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या, थिनरमध्ये सर्रास असणाऱ्या टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा ती वाफ पेट घेण्याजोगी असते. टचवुडसारख्या पॉलिशमध्ये घालतो त्या टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट ३० ते ४० अंशांच्या दरम्यान असतो. हिवाळ्यात तो आकडा सुरक्षित वाटतो, पण मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडखाली ठेवलेला डबाच त्या आकड्याच्या पलीकडे गेलेला असतो. या यंत्रांच्या पुस्तिकेत किती फ्लॅश पॉइंटच्या खालचा पदार्थ वापरू नये हे छापलेले असते. विक्रीच्या पानावर मात्र "वार्निश, लॅकर, सर्व रंग" असे लिहिलेले असते. पुस्तिकेवर विश्वास ठेवा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की एनसी लॅकर, मेलामाइन आणि थिनरचे पीयू हे पदार्थ हातातल्या विजेच्या यंत्राने मारू नयेत. पाण्यात मिसळणारे पीयू किंवा पाण्याचा रंग मारायचा असेल तर ते यंत्र कामाचे आहे, आणि नवीन माणसाला शिकायलाही सोपे आहे. मात्र त्याची हवा मंद असते, नोझल बहुधा १.८ ते २.६ मिलिमीटरचे येते आणि त्यामुळे थेंब जाड पडतात. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे दाणे दिसतात, जे शेवटच्या हातानंतर पॉलिश पेपरने घासून काढावे लागतात. शोरूमसारखी सफाई हवी म्हणून तुम्ही यंत्र घेत असाल, तर ती यातून सहज मिळणार नाही.

आता कॉम्प्रेसर. इथे दाबाचे आकडे मोठे दिसतात. १ एचपीचा छोटा कॉम्प्रेसरही ११०-१२० पीएसआयपर्यंत टाकी भरतो. परंतु गनला दाबापेक्षा हवेचे प्रमाण अधिक लागते. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनच्या तोंडावरच्या टोपीपाशी दाब १० पीएसआयच्या आतच असतो, पण तिला मिनिटाला ८ ते १२ घनफूट हवा लागते. १ एचपीचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात मिनिटाला साडेतीन घनफुटांच्या आसपासच हवा देतो. मिनिटाला १० घनफूट खाणारी गन त्याला लावली, तर २४ लिटरच्या टाकीतील कामाची हवा वीस-पंचवीस सेकंदांत संपते. पल्ल्याच्या अर्ध्यावर फवारा जाड होतो, थुंकी पडल्यासारखे थेंब येतात, आणि दोष गनला दिला जातो.

यावर दोन मार्ग आहेत. कॉम्प्रेसर मोठा घ्यावा, म्हणजे पट्ट्यावर चालणारा २ एचपीचा, जो नवीन घेतल्यास तुमच्या रकमेच्या बाहेर जाईल; किंवा कमी हवेवर चालणारी गन घ्यावी. एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) या नावाने मिळणाऱ्या गन मिनिटाला साधारण साडेतीन ते पाच घनफूट हवेवर काम करतात. त्यांचा फवाऱ्याचा पट्टा थोडा अरुंद असतो, त्यामुळे पल्ल्याला दोन-चार फेऱ्या जास्त लागतील, पण जाळी, खांब, खुर्चीचे पाय आणि ड्रॉवरच्या कडा यांना तोच अरुंद पट्टा सोयीचा पडतो, कारण माल हवेत कमी उडतो. कप वर असलेली, म्हणजे ग्रॅव्हिटी प्रकारची गन घ्यावी. तिच्यात माल शेवटपर्यंत उतरतो आणि धुणे सोपे जाते. खरेदी करताना गनच्या पत्रकावर हवेचा खप छापलेला आहे का ते पाहा आणि छापलेला नसेल तर ती गन सोडून द्या.

नोझलबाबत म्हणाल, तर मेलामाइन, लॅकर आणि पीयूच्या वरच्या हातासाठी १.३ किंवा १.४ मिलिमीटर पुरेसे आहे. सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणारा खालचा हात, जाड असतो. त्यासाठी मोठे वेगळे नोझल घेण्यापेक्षा सीलर थोडा पातळ करून दोन हात देणे तुमच्या लहान कॉम्प्रेसरला मानवेल, कारण मोठे नोझल जास्त हवाही मागते.

१२ हजारांची वाटणी मी अशी करीन: सात-आठ हजारांचा तांब्याच्या वाइंडिंगचा १ एचपी कॉम्प्रेसर, दीड-दोन हजारांची गन, आणि उरलेल्या रकमेत पाणी धरणारा फिल्टर व दाबाचा काटा असलेला रेग्युलेटर, पाइप आणि वाफेसाठीचे मास्क. शेवटच्या तीन वस्तूंसाठी पैसे उरत नसतील, तर यंत्राची खरेदी महिनाभर पुढे ढकलावी, पण त्या वस्तू वगळू नयेत.

वायरमन (पुसद)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात विजेची बाजू राहिली आहे, ती मांडतो, कारण खेड्यातील दुकानात यंत्र बंद पडण्याचे मुख्य कारण तीच असते.

सिंगल फेज मोटरची सुरू होतानाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळत असतील, तर व्होल्टेज सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाले असे दिसते, पण सुरुवातीची ताकद मूळच्या केवळ ६१ टक्के उरते. कॉम्प्रेसर प्रत्येक वेळी टाकीतील दाब कमी झाला की आपोआप सुरू होतो, आणि तेव्हाच तो अडतो. मोटर गुणगुणते, फिरत नाही, वाइंडिंग तापते आणि कपॅसिटर जातो. असे गुणगुणणे ऐकू आले की लगेच बटन बंद करावे. कॉम्प्रेसर थांबताना त्याच्या डोक्यातील दाबलेली हवा "फुस्स" आवाजाने बाहेर पडते की नाही, हे दुकानातच तपासून घ्या. ती बाहेर पडत नसेल तर उतरलेल्या व्होल्टेजवर तो पुन्हा उठणार नाही.

दुसरी गोष्ट तारेची. मीटरपासून शेडपर्यंत लांब आणि बारीक वायर ओढलेली असते, आणि डीपीवर आधीच कमी असलेले व्होल्टेज तिथे आणखी उतरते. या कॉम्प्रेसरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि पक्के अर्थिंग असावे. काम दूर असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड न लावता हवेचा पाइप लांब करावा, म्हणजे व्होल्टेजही टिकते आणि कॉम्प्रेसरही थिनरच्या वाफेपासून लांब राहतो. पाइप ८ मिलिमीटर आतील व्यासाचा घ्या. बारीक पाइपात दाब वाटेतच गळतो आणि रेग्युलेटरवर दिसणारा आकडा गनपर्यंत पोहोचत नाही.

शक्य असल्यास स्प्रेचे काम सकाळी करा. सकाळी लाइनवर भार कमी असतो, आणि हवेतील धूळही तेव्हा बसलेली असते.

जुन्या कॉम्प्रेसरबद्दल कोणी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. टायर-पंक्चरच्या किंवा गॅरेजच्या कामातून निघालेला पट्ट्याचा २ एचपी कॉम्प्रेसर तुमच्या रकमेत मिळू शकतो, आणि तो चांगला असेल तर नव्या १ एचपीपेक्षा निश्चितच अधिक काम देईल. तो खरोखर किती हवा देतो हे दुकानदाराच्या शब्दावर न सोडता घड्याळ लावून मोजावे. टाकीचा काटा ४ बारवरून (बार हेही दाबाचेच माप) ६ बारवर जायला किती वेळ लागतो ते पाहा. टाकी ५० लिटरची असेल, तर या दोन बारमध्ये १०० लिटर, म्हणजे सुमारे साडेतीन घनफूट हवा भरली गेली. त्याला अर्धे मिनिट लागले तर यंत्र मिनिटाला ७ घनफूट हवा देते. पाऊण मिनिट लागले तर पावणेपाचच्या जवळ. हीच परीक्षा नव्या २४ लिटरच्या कॉम्प्रेसरलाही लावा. तिथे ४८ लिटर, म्हणजे १.७ घनफूट हवा भरते, आणि अर्ध्या मिनिटात भरली तर हिशेब ३.४ घनफुटांवर येतो.

जुन्या टाकीच्या तळाचा नळ उघडून पाहा. लाल, गंजाचे पाणी आले, वेल्डिंगची ठिगळे दिसली किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बोल्ट बसवलेला आढळला, तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका. दाबाखालची टाकी फाटली तर जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेतते. आणखी एक: अशा यंत्राला तेल लागते, आणि पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर ते तेल हवेबरोबर पुढे जाते. लाकडावर तेलाचा एक कण पडला की पॉलिश तिथून बाजूला सरते आणि माशाच्या डोळ्याएवढा खड्डा दिसतो. गनच्या पाइपातून येणारी हवा पांढऱ्या कागदावर थोडा वेळ सोडून पाहा. कागदावर डाग आला तर रिंगांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

सागवान (ता. सिंदेवाही)

दोघांचेही मनापासून आभार. हवेचा हिशेब मला कोणीच इतका उलगडून सांगितला नव्हता. तीन शंका उरतात. पावसाळ्यात आमच्याकडे धानाच्या बांध्या भरलेल्या असतात आणि दुकानाभोवती सतत ओल असते; त्या दिवसांत स्प्रे करता येतो का? लाखदाण्याचा एक हात खाली देऊन वर पीयू मारले तर चालेल का, कारण सागवानाचा रंग लाखेने फार सुंदर उठतो? आणि मास्क नेमके कोणते घ्यावे? औषधाच्या दुकानात मिळते ते पुरेसे आहे का?

लाखदाणा (गोंदिया)

पहिल्या दोन शंकांचे उत्तर मी देतो. आमचा भाग लाखेचा आहे, पळस आणि कुसुमाच्या झाडांवरची लाख इथे पूर्वापार गोळा होते, आणि मी अजूनही घरगुती कामाला तीच वापरतो.

पावसाळ्यात लॅकर किंवा लाखेच्या पॉलिशवर पांढरट ढग येतो. थिनर किंवा स्पिरिट वेगाने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, तो भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर जमते. हात जितका ओला आणि थिनर जितका झटपट उडणारा, तितका ढग अधिक. यासाठी सावकाश उडणारे रिटार्डर मिळते. ते डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात थिनरमध्ये मिसळावे आणि हात पातळ द्यावेत. आलेला ढग बऱ्याचदा कोरड्या दिवशी नुसत्या रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा दिला की जातो, कारण लॅकर आणि लाख दोन्ही आपापल्या द्रवात पुन्हा विरघळतात. मेलामाइन आणि दोन भागांचे (वापरताना हार्डनर मिसळायचे) पीयू एकदा पक्के झाले की विरघळत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत ही दुरुस्ती शक्य नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी त्यांचे काम थांबवणेच योग्य. कॉम्प्रेसरच्या टाकीतही पावसाळ्यात भरपूर पाणी साठते, ते रोज संध्याकाळी काढून टाका.

उन्हाळ्यात याच्या उलट त्रास होतो. मे महिन्याच्या दुपारी थेंब गनपासून लाकडापर्यंत जाताना अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. दाब वाढवून हा दोष जात नाही, उलट वाढतो. तिथेही रिटार्डर लागते, गन थोडी जवळ धरावी लागते, आणि ऊन चढण्यापूर्वी काम आटोपावे लागते.

आता लाखेवर पीयू. लाखदाण्यात नैसर्गिक मेण असते, आणि मेणावर पीयू नीट धरत नाही. काही महिन्यांनी पापुद्रे सुटू शकतात. लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजवून बरणी न हलवता ठेवली तर मेण गढूळ थर होऊन तळाशी बसते. वरचा स्वच्छ द्राव अलगद काढून, गाळून, त्याचा एकच पातळ हात द्यावा, चांगला वाळू द्यावा आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. तरीही आधी एका तुकड्यावर करून पाहा. वाळल्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा पाडा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, आणि पट्टीबरोबर पापुद्रा आला नाही तरच गिऱ्हाइकाच्या सामानावर वापरा. आपल्या सागवानात स्वतःचे तेलही असते. पहिल्या हाताच्या आधी थिनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घेतले आणि लगेच सीलर दिला, तर पकड सुधारते.

माझी एक आग्रहाची विनंती आहे. स्प्रे आला म्हणून बोळा टाकू नका. देव्हाऱ्याच्या जाळीला, कोरीव पट्टीला आणि खुर्चीच्या गजांना स्प्रे हवाच. परंतु लहान सपाट फळी, पेटी किंवा जुन्या सागवानी कपाटाची दुरुस्ती यांत बोळ्याने दिलेल्या लाखेची खोली फवाऱ्याने येत नाही. त्यात माल वाया जात नाही, आणि पुढे ओरखडा पडला तर घरच्या घरी पुन्हा हात देता येतो. गिऱ्हाइकाला दोन्हींचे नमुने दाखवा आणि फरक समजावून सांगा. पाण्याचा पेला किंवा गरम भांडे ठेवायचे असेल तिथे मात्र लाख नको, तिच्यावर पांढरे गोल डाग पडतात.

रंधा (वरोरा)

मास्कबद्दल मला थोडे कडक लिहावे लागेल. औषधाच्या दुकानातील साधे मास्क किंवा रुमाल धूळसुद्धा पुरती अडवत नाही, वाफ तर अजिबात अडवत नाही. थिनरच्या वाफेसाठी कोळशाची काडतुसे असलेले, तोंडाला घट्ट बसणारे रबराचे मास्क लागते. काडतुसांवर "ऑरगॅनिक व्हेपर" असे छापलेले असावे आणि त्यांच्यापुढे फवाऱ्याचे कण अडवणारा फिल्टर असावा. दाढी वाढलेली असेल तर मास्कची कड कातडीला चिकटत नाही, याचाही विचार करा. वापर झाला की काडतुसे हवाबंद पिशवीत ठेवा, कारण उघड्यावर ठेवलेला कोळसा हवेतील वाफ शोषून संपत राहतो. मास्क घालून वास येऊ लागला की काडतूस बदलण्याची वेळ झाली.

दोन भागांच्या पीयूचे प्रकरण याहून गंभीर आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्यातून दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही श्वास कोंडतो. त्याला ओळखण्याजोगा वास येत नाही, त्यामुळे काडतूस संपल्याचे कळत नाही. मोठ्या कारखान्यात यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे मास्क वापरतात. आपल्या शेडमध्ये ती सोय नसताना नवीन शिकणाऱ्याने दोन भागांच्या पीयूचा फवारा मारू नये, असे मी मनापासून सांगतो. एनसी लॅकरने हात बसवा, मग मेलामाइनकडे जा. मेलामाइनचाही वास डोळ्यांना झोंबतो, कारण वाळताना त्यातून फॉर्मल्डिहाइड निघते. तिथे मास्कवर त्याला चालणारे काडतूस आहे ना ते पाहावे लागते. बाहेरच्या दरवाजाला पीयूच हवे असेल, तर पाण्यावरचे, एकाच डब्यातील पीयू बघा. ते महाग पडते आणि पहिल्या हाताला लाकडाचे केस उभे करते, जे घासून काढावे लागतात, पण आग आणि वाफ दोन्हींची जोखीम बरीच घटते.

तुमचे शेड एका बाजूने मोकळे आहे, ही चांगली गोष्ट आहे. सामान त्या मोकळ्या बाजूजवळ ठेवा आणि वाऱ्याची बाजू पाहून असे उभे राहा की फवारा तुमच्यापासून दूर, बाहेर वाहील. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या चुलीपर्यंत किंवा विडीपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून कॉम्प्रेसर भिंतीच्या पलीकडे ठेवा, शेडमधला साधा पंखा बंद ठेवा, भुसा आधी झाडून काढा आणि जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे धूळही बसेल. थिनरने भिजलेली फडकी भुशाच्या ढिगात टाकू नका, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. वाळूची बादली आणि शक्य तर पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या.

हात कसा चालवायचा, हे थोडक्यात सांगतो. माल बारीक जाळीच्या कापडातून गाळून घ्या. ४ नंबरच्या फोर्ड कपातून (पातळपणा मोजायचा, तळाला छिद्र असलेला कप) तो साधारण १८ ते २२ सेकंदांत खाली उतरेल इतका पातळ करा, मात्र डब्यावर वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळा. गन लाकडापासून सहा ते आठ इंचांवर, सरळ समोर धरा. मनगट वळवून कमान काढू नका, पूर्ण हात हलवा. फळीच्या बाहेर ट्रिगर दाबावा, फळीच्या बाहेरच सोडावा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. ओघळ आला तर लगेच पुसू नका, वाळू द्या आणि मग घासा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाण्याने सराव करायला काहीच खर्च येत नाही, तोही गिऱ्हाइकाचे सामान हाती घेण्यापूर्वी भरपूर करा. काम संपताच गन थिनरने धुवा, सुई आणि टोपी काढून मऊ ब्रशने साफ करा. नोझलच्या छिद्रात तार किंवा खिळा घालू नका, छिद्र वाकडे झाले की फवारा कायमचा एका बाजूला पडतो. मेलामाइन असेल तर जेवणाच्या सुट्टीपुरतेही ते गनमध्ये ठेवू नका.

सागवान (ता. सिंदेवाही)

सर्वांचा आभारी आहे. ठरवले आहे ते असे: एलव्हीएलपी गन १.३ च्या नोझलची घेईन, आणि कॉम्प्रेसरसाठी आधी नागपूरला जुना २ एचपीचा वायरमन भाऊंच्या पद्धतीने घड्याळ लावून पाहीन. मनासारखा नाही मिळाला तर नवा १ एचपीचा. सुरुवात एनसी लॅकरने आणि देव्हाऱ्यांपासून करेन. दिवाण-कपाटांना तोवर ब्रश आणि बोळाच राहील. एक विचारायचे राहिले. जुना मोठा कॉम्प्रेसर मिळाला तर गनही मोठी घ्यावी का?

रंधा (वरोरा)

लगेच नको. ७ घनफुटांच्या कॉम्प्रेसरवर एलव्हीएलपी गन न थांबता चालेल आणि मोटरला मधे विश्रांती मिळेल, जे तुमच्या लाइनवर फायद्याचेच आहे. पल्ल्यांचे काम वाढले आणि अरुंद पट्ट्यामुळे उशीर होऊ लागला, तर १.४ ची रुंद पट्ट्याची गन नंतर घ्या. फिल्टर, रेग्युलेटर आणि ८ मिलिमीटरचा पाइप तेच चालतील. गन घेताना त्याच नंबरचा नोझल-सुई-टोपीचा एक जादा संच आणि वायसरांची पुडी सोबत मागून घ्या, कारण हे सुटे भाग तालुक्याला मिळत नाहीत आणि लग्नाच्या हंगामात त्यासाठी नागपूरला जायला सवड नसते.